वेल, मांडव आणि माणूस

मराठीत काही शब्द असे आहेत की, त्यांचे लिंग ठरवताना एका घरातल्या दोन माणसांचे एकमत होत नाही. 'वेल' हा त्यांपैकी एक. भोपळ्याचा तो वेल आणि जाईची ती वेल असे आपण एकाच दमात बोलून जातो, आणि 'वंशाचा वेल' म्हणताना ती पुन्हा तो होते. खाण्याचा असेल तर तो आणि फुलांची असेल तर ती, अशी काहीशी वाटणी बोलण्यात दिसते खरी. पण तिचा नियम करून फळ्यावर लिहायला माझ्यासारखी मराठीची मास्तरीणसुद्धा धजणार नाही. आजच्या लेखापुरती मी वेलीला स्त्रीलिंगीच ठेवणार आहे. त्याला तसेच कारण आहे, आणि ते ओघात येईलच.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे की, आठवड्याच्या अंकात आपल्या वाट्याला जेमतेम एक पान येते. त्यात एखादे फूलझाड, एखादी परसातली भाजी, फार तर खतावरचे चार शब्द मावतात. वेलींचा विषय त्यामुळे वर्षानुवर्षे मागे राहिला. भगिनीवर्गाची तक्रार मात्र एकच असते : "वेल आणली, लावली, पाणी घातले, वाढलीही भरपूर, पण फूल म्हणून नाही." दिवाळी अंकात पाने ऐसपैस मिळतात. तेव्हा आज फराळाचे ताट बाजूला घेऊन निवांत बसू या.

वेलीबद्दल आपल्या मनात एक जुनी समजूत घट्ट बसलेली आहे. वेल म्हणजे दुबळी, परावलंबी. वृक्षाने आधार दिला तर उभी राहील, नाहीतर धुळीत लोळेल. संस्कृत कवींनी हीच उपमा स्त्रीला दिली, मराठी कवींनी ती पुढे चालवली, आणि लता, मालती, माधवी, जाई, जुई ही नावे आपण मुलींना हौसेने ठेवली. या गर्दीत कालिदासाने मात्र एक वेगळीच गोष्ट पाहून ठेवली आहे. त्याच्या शाकुंतलात कण्वाच्या आश्रमात एक नवमालिकेची वेल आहे. शकुंतलेने तिचे नाव 'वनज्योत्स्ना' ठेवले आहे. ही वेल आंब्यावर चढलेली आहे. पण आंब्याने तिला आश्रय दिला असे कालिदास म्हणत नाही. तिने त्या आंब्याला स्वयंवरात वरले आहे, असे तो म्हणतो. निवड तिची आहे! पुढे सासरी निघताना शकुंतला या वेलीला बहीण मानून तिचा निरोप घेते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, आणि संस्कृत न येणाऱ्या घरांतही ही कथा पोचली.

कालिदासाचे हे म्हणणे नुसती कविकल्पना नाही. चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने १८६५ साली वेलींच्या चढण्यावर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. १८७५ मध्ये त्याचे पुस्तक झाले. आजारपणामुळे खोलीत अडकून पडला असताना त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून घेतली आणि तिच्या कोवळ्या शेंड्याकडे तो तासन् तास पाहत बसला. त्याला असे दिसले की, शेंडा स्वस्थ बसत नाही. तो हवेत गोल गोल फिरतो. उन्हाळ्याच्या दिवसांत एका फेरीला सरासरी दोन तास आठ मिनिटे लागत. अंधारात माणूस हात फिरवून भिंत शोधतो ना, तसाच हा शोध. काठी हाताला लागली की शेंडा तिला वळसा घालतो, आणि पुढचा प्रवास सुरू होतो. हा प्रयोग तुम्हांलाही करता येईल. गोकर्णीच्या वाढत्या शेंड्याची दिशा सकाळच्या चहाच्या वेळी पाहून ठेवा, मग दर अर्ध्या तासाने एकदा डोकावा. मुलांना दाखवलेत तर त्यांची दुपार मजेत जाईल.

तर सांगायचे असे की, वेलीला आधार लागतो हे खरे. पण कसला आधार, हे तिचे ठरलेले असते. ते न ओळखता आपण आपल्या सोयीचा आधार तिच्या गळ्यात बांधतो आणि मग ती फुलत नाही म्हणून नशिबाला बोल लावतो. म्हणून वेल आणण्यापूर्वी फुलाचा रंग पाहण्याआधी ती कशी चढते ते पाहावे. त्या दृष्टीने आपल्या घरच्या वेलींचे ढोबळ चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार विळखा घालणाऱ्या वेलींचा. गोकर्ण आणि गणेशवेल या त्यांतल्या ओळखीच्या. यांचे सबंध खोडच काठीभोवती गुंडाळत वर जाते. त्यामुळे यांना बारीक आधार हवा : सुतळी, काथ्या, फार तर बोटाएवढी काठी. जाड खांबाला त्यांचा वळसा पुरत नाही. पुष्कळ घरी गोकर्ण गच्चीच्या खांबाच्या पायथ्याशी लावलेली असते आणि ती बिचारी खांबाला सोडून शेजारच्या तुळशीला धरते. चार आण्यांच्या सुतळीचे काम होते ते! गोकर्ण बियांपासून सहज येते, निळी आणि पांढरी अशी दोन्ही असते. निळ्या फुलांचा पाण्यात काढलेला रंग लिंबाचे चार थेंब पडताच जांभळट गुलाबी होतो. शाळकरी मुलांना हा रसायनशास्त्राचा पहिला धडा फुकटात मिळतो. गणेशवेल लाल चिमुकल्या चांदण्यांची, पाने शेवयांसारखी. पावसाच्या तोंडावर बी टाकावे, गणपतीच्या सुमारास ती फुलू लागते.

दुसरा प्रकार तणावे असलेल्या वेलींचा. कारल्याला आणि भोपळ्याला असतात तसल्या दोऱ्यांना तणावे म्हणतात. फुलवेलींत कृष्णकमळ ही तणाव्यांची राणी. हिला जाळी द्यावी. कृष्णकमळाच्या फुलात आपल्याकडच्या लोकांनी महाभारत पाहिले : बाहेरचे तंतू हे शंभर कौरव, आतले पाच पुंकेसर हे पांडव आणि वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. गंमत अशी की, ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तिकडे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्याच फुलात ख्रिस्ताचा वध पाहिला होता. त्यांना ते तंतू काट्यांचा मुकुट वाटले, पाच पुंकेसर पाच जखमा आणि वरचे तीन म्हणजे तीन खिळे. फूल एकच, ज्याने त्याने आपापला ग्रंथ त्यात वाचला.

याच प्रकारात रानातली कळलावी येते. पावसाळ्यात कोकणच्या गडग्यांवर तिची लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले दिसतात. तिच्या पानाचे टोकच तणाव्यासारखे वळते आणि शेजारच्या फांदीला धरते. ती घरात आणली तर कळ लागते, भांडण होते, असे जुनी माणसे म्हणतात. भांडणाचे मला माहीत नाही. पण कळलावी अत्यंत विषारी असते, विशेषतः तिचा कंद, ही गोष्ट पक्की आहे. लहान मुलांच्या घरी ती लावू नये. तिचे सौंदर्य रानात पाहावे आणि घरी यावे.

तिसरा प्रकार काट्याआकड्यांनी वर चढणाऱ्यांचा. बोगनवेल यांतली ठळक. तिचे रंगीत 'फूल' हे खरे फूलच नव्हे. ती रंगलेली पाने आहेत, आणि त्या तीन पानांच्या आत जी पांढुरकी बारीक नळी दिसते ते खरे फूल. या वेलीला नाव मिळाले ते बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे. १७६६ ते १७६९ या काळात त्याच्या ताफ्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्यासोबत कॉमर्सन हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि कॉमर्सनचा मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात झान बारे नावाची स्त्री होती. जगाला वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री ती हीच. ब्राझीलच्या किनाऱ्यावर या मंडळींना ही वेल सापडली. बोगनवेलीला लाड सोसत नाहीत. पाणी कमी आणि ऊन भरपूर मिळाले की ती पेटते. रोज पाणी घातले की नुसता हिरवा पाला देते. आपल्या तक्रारींपैकी निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

मधुमालतीही याच पंक्तीतली. तिचे पान गळते, पण देठाचा तळ मागे राहून त्याचा काटा होतो, आणि त्याच्या जोरावर ती वर सरकते. तिचे फूल संध्याकाळी उमलते ते पांढरे, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लालभडक. पांढरेपणी रात्रीचे पतंग येतात. रंग चढला की दिवसा मधमाश्या आणि पक्षी येतात. नावाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मधुमालती वेगळी आणि आपल्या सह्याद्रीतली माधवीलता वेगळी. रोपवाटिकेत एकीच्या नावाने दुसरी पदरात पडते. हिंदी भाषक जिला चमेली म्हणतात ती आपली जाई, हेही ध्यानात असू द्यावे.

आता चौथा प्रकार, आणि तोच आपल्या मराठी घरांना सर्वांत प्रिय. जाई आणि जुई! यांना धड विळखा घालता येत नाही, तणावे नाहीत, काटेही नाहीत. यांच्या लांब, सैल फांद्या कशावर तरी टेकतात आणि पुढे जातात, इतकेच. मोगराही अर्धा झुडूप, अर्धी वेल. ज्ञानदेवांच्या नावावरच्या 'मोगरा फुलला' या अभंगात दारातल्या इवल्या रोपाची वेल आकाशाला भिडते, ती काही कुठल्या परदेशी रोपट्याची कल्पना नव्हे. अंगणात पाहिलेली गोष्ट आहे. या सख्यांना माणसाचा हात लागतो. फांदी उचलून मांडवावर ठेवावी, एखादी आडवी वळवावी, एखादी पुढे खेचून घ्यावी. रोज कुणीतरी घरात असल्याशिवाय जाईचा मांडव होत नाही.

भिंतीला मुळांनी चिकटणाऱ्या वेलीही आहेत. पण कोकणातल्या जांभ्याच्या भिंतींवर त्या चढवू नयेत, एवढे सांगून पुढे जाते. दर्जांमध्ये मुळे शिरली की पाऊस त्यांच्या मागोमाग घरात येतो.

कोकणाचे नाव निघाले, तेव्हा आमच्या जयगडाविषयी सांगते. शास्त्री नदीच्या मुखाशी, डोंगराच्या सोंडेवर जयगडचा किल्ला आहे. पलीकडे तवसाळ, मधून फेरीबोट. गेल्या पंधरा-वीस वर्षांत इथे मोठे बंदर आले, विजेचा कारखाना आला. पण माती, पाऊस आणि वारा हे तिन्ही जुनेच आहेत. रत्नागिरीच्या या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बाकीचे आठ महिने कोरडे. खाली जांभा. पावसाळ्यात पाणी मातीतले सत्त्व धुऊन नेते आणि दिवाळीनंतर ओल टिकत नाही. वर खारा वारा. पावसाच्या दिवसांत हा वारा नैर्ऋत्येकडून येतो. इथून जवळच्याच मालगुंडला १८६६ साली जन्मलेल्या केशवसुतांनी या नैर्ऋत्येकडील वाऱ्यावर कविता लिहिली. परगावी असताना तो वारा त्यांना घरची आठवण देत होता. आम्ही घरीच असतो, त्यामुळे आम्हांला तो कौले आणि मांडव यांची आठवण देतो.

अशा ठिकाणी वेल लावायची ती घराच्या पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला. पागोळ्यांखाली कधीही लावू नये. चार महिने धार पडून मुळे उघडी होतात. दीड-दोन फूट औरसचौरस आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा. तळाशी कातळ लागला तर पहारीने फोडून पाण्याला वाट करून द्यावी. खड्ड्यात चांगली माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत सारख्या मानाने भरावे, मूठभर राख घालावी. आषाढात बुंध्याशी मातीची भर घालावी, म्हणजे पाणी साचत नाही. कार्तिकात तीच भर काढून आळे करावे आणि वर आंब्याचा वाळका पाला अंथरावा, म्हणजे दिवसाआड पाण्यावर भागते. मांडव साडेसहा फुटांपेक्षा उंच नसावा. हात वर केला की कळीला बोटे लागली पाहिजेत, नाहीतर फुले शेजाऱ्यांसाठी आणि पाखरांसाठी.

मांडव बांधणे ही निराळी कला आहे, आणि ती मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. आमच्या सासूबाई पंच्याहत्तरी ओलांडून गेल्या, तरी जयगडच्या घरी एकट्या राहतात. मी रत्नागिरीच्या कॉलेजात असते, शनिवारच्या एस. टी. ने जाते. खळ्यातला जाईचा मांडव त्यांचा. मी फांदी तारेने आवळू लागले की त्या ओटीवरून म्हणतात, "अगो, बांधतेस कशाला? टेकव नुसती. तिची ती बसेल." सुंभाचा सैल फासा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा, एक फेरा खांबाला आणि एक फेरा फांदीला. मध्ये बोट जाईल एवढी जागा. हा त्यांचा सगळा सिद्धान्त.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडापर्यंत माडपोफळी आडव्या झाल्या. जयगडला त्या मानाने झळ कमी. तरी आमचा मांडव एका अंगावर कलला. वारा पडल्यावर पाहिले तर जिथे घरातल्या मंडळींनी घाईने तारेने करकचून बांधले होते, तिथल्या फांद्या तारेपाशीच कापल्यासारख्या तुटल्या होत्या. सुंभाच्या सैल फाशांतल्या फांद्या हेलपाटल्या, पाने गेली, पण जागेवर राहिल्या. कृष्णकमळाची जाळी तर जवळपास शाबूत होती.

याचे मर्म डार्विनने सांगून ठेवले आहे. तणाव्याचे टोक आधाराला लागले की मधला भाग मळसूत्रासारखा वळतो, त्याची स्प्रिंग होते. दोन्ही टोके अडकलेली असल्याने अर्धा भाग एका दिशेने वळतो आणि अर्धा उलट दिशेने; तणाव्याच्या मधोमध हा पालट डोळ्यांनी दिसतो. एकदा भर वादळात डार्विन मुद्दाम बाहेर पडला आणि कुंपणावरची अशीच एक वेल त्याने पाहिली. आजूबाजूच्या जाड फांद्या झोडपल्या जात होत्या. वेल मात्र सुरक्षित होती. त्याला ते दृश्य दोन नांगर टाकून, साखळदंड लांब सोडून वादळात डुलणाऱ्या जहाजासारखे वाटले. जयगडच्या कुठल्याही खलाशाला हे समजावून सांगावे लागणार नाही. नांगराची दोरी आखूड ठेवली की ती तुटते.

आता छाटणी. इथेच बहुतेक घरांत हात कचरतो. जाई, जुई, मोगरा यांना कळ्या येतात त्या नव्या फुटव्यावर. जुने काटकुळे जंगल राखून ठेवले की फुले शेंड्याला चार आणि खाली नुसती सावली. म्हणून हिवाळ्यात छाटावे. साधारण हिशेब असा : मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर. छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. मळेवाले जमिनीपासून दीड फुटावर सरसकट कापतात. मांडवाच्या वेलीला तसे करू नये. मुख्य दोन-तीन खोडे राखावीत आणि बाजूच्या फांद्या वीतभर ठेवून कापाव्यात. मग शेणखत, राख आणि पाणी. मोगरा चैत्र-वैशाखात बहरतो, जुई त्याच्या मागोमाग, आणि जाई पावसाळ्यात अंगण भरून टाकते. मधुमालती आणि बोगनवेल यांचा बहर ओसरला की छाटावे. मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसला तर लिंबोळीचा पाच टक्के अर्क सायंकाळी फवारावा. बहुधा तेवढ्याने भागते. नत्राचे खत हात राखून द्यावे, नाहीतर पाने बशीएवढी आणि फुले नाहीत.

इथवर वेलीचे झाले. आता माणसाचे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सोळा लाख शहाण्णव हजारांवर होती. २०११ मध्ये ती सोळा लाख पंधरा हजारांवर आली. देश वाढत असताना आमचा जिल्हा आटला. त्याच २०११ च्या गणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. पुरुष मुंबईला, पुण्याला, बोटीवर. मागे घर धरून राहिली ती बाई. विहिरीचे पाणी, गोठा, आगर, म्हातारी माणसे आणि मनीऑर्डरची वाट पाहणे हे सगळे तिने केले. कवींनी जिला वेल म्हटले तीच खांब होऊन उभी होती. लेखाच्या आरंभी वेलीला स्त्रीलिंगी ठेवते म्हणाले, ते यासाठी.

आणि आज ती बाईही म्हातारी झाली आहे, किंवा मुलाकडे शहरात गेली आहे. गावात कुलूपबंद घरे वाढली. चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा वेली ऐन भरात असतात; फोटो निघतात, कौतुक होते. पण वेलीला माणसाची गरज लागते ती मार्गशीर्षात पाण्यासाठी आणि पौषात छाटणीसाठी, आणि तेव्हा दाराला कुलूप असते. अशा घरात जाई एका उन्हाळ्यात वाळते. उलट मधुमालती आणि बोगनवेल कुणी नसले की मोकाट सुटतात, पडवीवरून कौलांत शिरतात, आणि पुढच्या गणपतीला घरात पाणी गळते. म्हणून घर वर्षातून दोनदाच उघडणार असेल तर बोगनवेल लावावी, आणि तीही घरापासून दूर, गडग्यावर. पावसाळ्यापुरती गणेशवेल टाकावी. जाई लावायची असेल तर आधी शेजारच्या घरी बोलणी करावी, पाणी कोण घालील आणि त्याबदली फुले कोण नेईल. ही बोलणी झाली तर वेलीबरोबर घरावरही कुणाची नजर राहते.

सासूबाईंना आम्ही रत्नागिरीला चला म्हणतो. त्या "येईन" म्हणतात, आणि मग कधी मोगरा छाटायचा असतो, कधी जुईला कळ्या धरलेल्या असतात. पूर्वी मला ही सबब वाटे. आता तसे वाटत नाही. संध्याकाळी जाईच्या कळ्या खुडायला ज्यांना रोज उठून खळ्यात जावे लागते, त्यांचे गुडघे चालते राहतात, आणि गजरा न्यायला शेजारची मुलगी आली की चार शब्द बोलणेही होते. मात्र यंदा त्यांना रहाट ओढवेना. तेव्हा विहिरीवर पंप बसवून मांडवापर्यंत नळी नेली, आणि शेजारच्या मुलीची दर रविवारी फांद्या टेकवायला नेमणूक केली. त्या ओटीवर बसून सांगतात, ती करते. त्यांना तिथून हलवण्याचा विषय तूर्त आम्ही काढलेला नाही.

शहरातल्या वाचकांनी हिरमुसू नये. सदनिकेच्या गॅलरीतही वेल होते, फक्त तिला रोज पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. बारा-चौदा इंचांची, तळाला भोके असलेली कुंडी घ्यावी. गोकर्णीला कठड्यापासून वरपर्यंत सुतळ्या, कृष्णकमळाला जाळी, जुईला दोन काठ्यांची कमान. इमारतीच्या सांडपाण्याच्या नळांवर वेल चढवू नये. खालच्या मजल्याशी संबंध बिघडतात. दर दोन वर्षांनी हिवाळ्याअखेर माती बदलावी. आणि पुण्याकडच्यांनी जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जरूर पाहावे. प्रदर्शनातल्या कुंड्या तर पाहाव्यातच. पण बागेतल्या जुन्या वृक्षांवरून लोंबणाऱ्या प्रचंड वेलींखाली घटकाभर उभे राहावे. कोण कुणाच्या आधाराने उभे आहे, हे तिथे चटकन सांगता येत नाही.

आता आजच्या आज करण्यासारखे काम. दिवाळीच्या सुमारास लसूणवेल फुलते. जांभळ्या फुलांचे घोस येतात, दिवसागणिक फिकट होत जातात, आणि पान चुरगळले की लसणीचा वास येतो. संक्रांतीला संक्रांतवेलीचे नारिंगी पडदे लोंबतील. माघात कुंद पांढरा होईल. भाऊबीजेला ज्या घरी जाल तिथे यांतली एखादी दिसली तर संकोच न करता फाटा मागून घ्या. पेन्सिलीएवढा जाड, तीन-चार डोळ्यांचा, पक्व फांदीचा फाटा. खालची पाने काढून दोन डोळे मातीत पुरावेत आणि महिनाभर सावलीत ठेवावा. जाईचा हवा असेल तर फांदी वाकवून मातीत दाबावी, वर दगड ठेवावा. दीड-दोन महिन्यांत मुळे धरली की आईपासून तोडावी. विकतचे रोप बरे की मागून आणलेले, असे कुणी विचारले तर मी मागून आणलेले म्हणेन. ज्यांच्याकडून फाटा आणला ती माणसे पुढे भेटतील तिथे विचारतात, "लागला का हो?" तेवढ्या निमित्ताने जाणेयेणे राहते.